भादव्यातलं नवं

“हुर्रर्र, हाऽऽ! व्हा की मागं, मुडद्यांनो!”

राखणीच्या माळ्यावर उभा राहून मी बोंबलत होतो. एका हातात गोफण, दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि डोक्यावर भादव्याची भुरभुर. खाली माझं मोठं खाचर पिवळंधमक पिकलेलं. आजूबाजूला सगळ्या वाडीचं भात अजून हिरवंगार, पोटरीत. म्हणजे अख्ख्या खोऱ्यातल्या पाखरांना जेवायला एकच पंगत होती, आणि यजमान मी. डबा वाजवला की पाखरं उठायची, करंजावर बसायची, मी दम खायला थांबलो की परत खाली. पहिल्या दिवशी तरी घाबरली होती. नंतर त्यांना माझी सवय झाली.

गुरं घेऊन भिका चालला होता. भिका म्हणजे माझा चुलतभाऊ, आणि गावातली कुठलीही गोष्ट टिंगल केल्याशिवाय त्याच्या गळ्याखाली उतरत नसे.

“काय गेणूशेट,” तो बांधावरून ओरडला, “पाव्हणे लई आल्यात जणू!”

“येऊ देत! भरल्या घरीच येत्यात पाव्हणे!”

“मग आम्हांला कधी बोलावतोस?”

“सोमवारी कापणी. ये इळा घेऊन.”

तो हसत गेला. माझी छाती मात्र फुगलीच. भादव्यात ज्याचं भात पिकलंय असा त्या खोऱ्यात मी एकटाच होतो. माझ्या बापजाद्यांनी कधी पाहिलं नव्हतं ते मी करून दाखवलं होतं.

तेवढ्यात तुळाजीबाबा काठी टेकत आले. तुळाजीबाबा आमच्या गावदेवीची पूजा करायचे. जन्माला आल्यापासून मी त्यांना म्हातारेच पाहत आलो होतो. बांधावर उभं राहून त्यांनी एक लोंबी तळहातावर घेतली, तोलून पाहिली, सोडली.

“झ्याक आलंय पोरा. मन भरलं.”

“बाबा, ओळीत लावलंय. दोरी धरून. त्या शेतकी खात्याच्या साळवे भाऊसाहेबांनी बियाणं दिलं, खताच्या गोळ्या दिल्या, पण डोकं म्हणाल तर माझंच. सोमवारी कापतोय. तुम्ही या.”

“कापतोस?” म्हाताऱ्यानं वर पाहिलं. “कसा कापशील? नव्याचा दिवस कुठं धरलाय अजून?”

गोफण माझ्या हातातच राहिली. पाखरं खाली उतरली ती मला दिसली, पण डबा वाजवायचं सुचलं नाही.

आमच्या वाडीत देवीचं एक लहान खाचर आहे. ते सगळ्यांनी मिळून लावायचं, आणि त्यातलं भात पिवळं व्हायला लागलं की तुळाजीबाबा दिवस धरणार. त्या दिवशी देवीला नवा भात दाखवायचा. दिवस धरल्याखेरीज गावात कुणी भाताला इळा लावायचा नाही, आणि देवीला दाखवल्याखेरीज नव्याचा घास तोंडात घालायचा नाही. ह्याला आम्ही ‘नवं’ म्हणतो. मला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? अहो, लहानपणी नव्याच्या दिवशी देवळापुढं सगळ्यांत पुढं पान मांडून मीच बसायचो. पण गंमत अशी की देवीच्या आधी कुणाचं भात पिकलंच नव्हतं कधी. सगळ्यांचं बी एकच, जुनं, गरवं, दसरा उलटल्यावर पिकणारं. त्यामुळे हा नियम कुणाला कधी टोचलाच नव्हता. मी बियाण्याचा विचार केला, दोरीचा केला, खताचा केला, रानडुकरांचासुद्धा केला. देवीचा केला नाही.

“बाबा,” मी म्हणालो, “दसरा उलटेस्तवर हे उभं राहील का? झडून जाईल. पाखरं ठेवतील का काही?”

“ते खरं रे,” बाबा हळहळत म्हणाले. “लई वाईट वाटतं.” आणि काठी टेकत निघून गेले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. त्याचा मला काय उपयोग?

मी एवढा का घाबरलो ते सांगायला पाहिजे. भूक काय, भादव्यात ती आमच्याकडं घरोघरी असायचीच. कणगी तळाला गेलेली, नवं भात अजून शेतात. मग नाचणीची पातळ पेज, कुरडूची भाजी, रानातले कंद. आणि ह्याच दिवसांत नारायणगावच्या बाजूनं मुकादम जीप घेऊन यायचा. तिकडं टमाट्याची तोडणी चालू असायची, त्याला बाया लागायच्या. बाप्ये घरी राहायचे, कारण भाताला डुकरं लागतात, राखण पाहिजे. बाया जायच्या. माझी बायको ठकू लग्न झाल्यापासून दर साल जायची. आदल्या साली आमच्या सुलीला, आमची पोरगी ती, कडेवर घेऊन गेली होती. तिकडं सुलीला ताप भरला. शेतातल्या छपरात पोरीला घेऊन ती कशी राहिली ते तिनं मला कधी सांगितलं नाही. परत आली तेव्हा मी सुलीला घ्यायला हात पुढं केले, तर पोरगी आईच्या मागं लपली. मला ओळखलंच नाही तिनं.

त्याच दिवशी मी ठकूला शब्द दिला. “पुढल्या साली तू जाणार न्हाईस. काय वाट्टंल ते हुंदे.”

“बरं,” ती म्हणाली होती. एवढंच. दारूसोडीच्या शपथेला बायका म्हणतात ना, तसलं बरं.

म्हणून मी भाऊसाहेबांच्या मागं लागून ते हळवं बियाणं आणलं होतं. लवकर येणारं. लावणीच्या वेळी दोरी धरून ओळी लावायला लागलो तर बांधावर जत्रा जमली. “गेणू भात लावतोय का घर बांधतोय?” असं भिका विचारत होता. मी कुणाकडं लक्ष दिलं नाही. मोठं खाचर सगळंच्या सगळं त्या नव्या बियाण्याखाली घातलं.

आणि आता ते पिकून उभं होतं, आणि पुढल्या आठवड्यात शनिवारी मुकादम येणार होता.

घरी जाऊन मी ठकूला सांगितलं. ती भाजी निवडत बसली होती. हात थांबला नाही तिचा.

“मग गठुडं बांधाया पाह्यजे,” ती म्हणाली.

“तू जाणार न्हाईस म्हणलं ना मी!”

“आन खायाचं काय? तुमची गोफण?”

“मी कापणार. कोण आडवतंय बघतो. माझं खाचर, माझं भात, माझा इळा!”

आतून माझी आई बाहेर आली. आई फार बोलायची नाही, पण बोलली की विषय संपायचा. “काप की,” ती म्हणाली. “कापशील, झोडशील. पण रांधंल कोण? मी न्हाई. नवं झाल्याबिगार त्या भाताला मी चुलीवर चढवायची न्हाई. ठकू, तू चढवशील का गं?”

“न्हाई बाई,” ठकू म्हणाली.

झालं. जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, तीच फितूर. मी रागारागानं बाहेर पडलो आणि थेट तालुक्याला चालत गेलो. साळवे भाऊसाहेब सापडले. ते खुशीत आले, मला खुर्ची दिली, म्हणाले, “गेणू, तुझं खाचर दाखवायला आम्ही साहेबांना आणणार आहोत.”

“भाऊसाहेब, आधी मला सांगा, देवीनं अडवलं तर काय करायचं ते तुमच्या माहितीपत्रकात आहे का कुठं?”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. “धार्मिक बाबींत आम्हाला पडता येत नाही रे. थांब की थोडे दिवस.”

“मी थांबतो हो. पाखरं थांबत न्हाईत.”

येताना वाटेत मी देवीचं खाचर लागतं तिथं उभा राहिलो. वाटेवरून पाहिलं. कमरेएवढं वाढलेलं, दाट, हिरवंकंच. लोंबीचा पत्ता नाही. इतकं सुंदर भात त्या दिवशी मला शत्रूसारखं दिसलं. मी हात जोडले. “आये, जरा घाई कर की,” म्हणालो. आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहूनच म्हणालो म्हणा.

मंगळवारी संध्याकाळी मी देवळात सगळ्यांना गोळा केलं. वाडी ती केवढी! सगळे भाऊबंद, चुलते, पुतणे. पण मी घरून धुतलेली टोपी घालून आलो होतो, आणि भाऊसाहेबांचं भाषण माझ्या डोक्यात बसलं होतं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि सुरू झालो, “शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो…”

भिका खाली पडून हसायला लागला. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. माझी सख्खी चुलती म्हणाली, “अरं, बस खाली अन् नीट बोल. कुणाला बंधू म्हणतोय हा?”

मी बसलो. मग नीट बोललो. म्हणालो, “माझं भात झडाय लागलंय. शनिवारी मुकादम येतोय. नवं चार दिवस अलीकडं घ्या, एवढंच मागतोय.”

“चार दिवस कसे?” एक चुलता म्हणाला. “देवीचं तर अजून निसवलंबी नाही. महिनाभराची गोष्ट ही. तुझं एकट्याचं पिकलं म्हणून देवीनं ताट मांडायचं का?”

“तसं न्हाई काका…”

“मग कसं? नवं म्हंजे समद्यांचं असतं. एकाचं नवं कुठं असतं का?”

मी तुळाजीबाबांकडं पाहिलं. बाबा म्हणाले, “पोरा, माझ्या हातात काय हाय? देवीच्या खाचरात पिवळी लोंबी दिसली की मी दिवस धरतो. दिसली न्हाई तर मी कुठून आणू?”

संपलं, असं मला वाटलं. सगळे उठायला लागले. आणि बायांच्या बाजूनं ठकूचा आवाज आला.

“दिसतीय की पिवळी लोंबी.”

“कुठं?”

“देवीच्या खाचरात. खालच्या बांधाकडच्या कोपऱ्यात. वाटंवरून दिसत न्हाई. आज भाजी खुडाया गेले तवा दिसली मला. आत जाऊन बघा.”

सगळी वाडी त्या भुरभुर पावसात खाचराकडं निघाली. मीही पळालो, टोपी सावरत. खालच्या बांधानं चिखल तुडवत आत गेलो, तर खरंच! उंच हिरव्या भाताच्या पाठीमागं, बुटकं, पिवळं भात उभं होतं. एवढासा तुकडा, दोन माणसं झोपतील एवढा. अर्ध्या लोंब्या पाखरांनी रिकाम्या केलेल्या. पाखरांना पत्ता लागला होता, सगळ्या वाडीला लागला नव्हता.

तुळाजीबाबा वाकले. लोंबी हातात घेतली.

“ही जुडी कुणाची?”

आमच्याकडं देवीचं खाचर सगळ्यांत शेवटी लावतात, आणि प्रत्येक घरानं आपल्या रोपांतली एक जुडी द्यायची असते. ज्या घराची जुडी, त्यानं ती लावायची.

“आमची,” ठकू म्हणाली.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. “गेणू, नव्या बियाण्याची दिलीस? तुला ठाव व्हतं?”

इथं मला ‘व्हय’ म्हणता आलं असतं. देवीवर केवढी भक्ती ह्या गेणूची, असं गाव म्हणालं असतं. माझ्या तोंडात ‘व्हय’ आलाही होता. पण ठकू आधी बोलली.

“त्येंला कशाला इचारता? त्येंनी मला सांगितलं व्हतं, भिकाभावजींकडनं जुन्या रोपाची एक जुडी उसनी आण अन् ती देवीला दे. नव्या बियाण्याची रोपं मोजकीच हाईत म्हणले. मी म्हणलं, घरात चांगलं हाय ते सोडून देवीला उसनं कशाला? म्हून नवीच लावली.”

पावसात उभं राहून सगळी वाडी हसली. भिका तर बांधावरून घसरला. “देवीला उसनी जुडी! आरं, देवीला उसनी जुडी!” तो पुढं कितीतरी वर्षं मला ह्याच नावानं हाक मारत होता, जेवायला बोलवायला आला तरी. मी चिखलात पाहत उभा राहिलो. कानांपर्यंत तापलो होतो.

बाबा मात्र हसले नाहीत. हातातली लोंबी निरखत राहिले. एक चुलता म्हणाला, “बाबा, एका कोपऱ्यानं खाचर पिकलं म्हणत्यात का?”

“समदं पिकायची वाट कधी बघितलीय आपुन?” बाबा म्हणाले. “पहिली पिवळी लोंबी दिसली की दिवस धरायचा, असंच माझ्या बापानं केलं, मीबी केलं. खाचर देवीचं, लोंबी पिवळी. शुक्रवारी नवं.”

मी बाबांच्या पायाशी वाकलोच. चिखलात हात बुडाले.

“ऊठ. पण ऐक,” बाबा म्हणाले. “नव्याच्या दिवशी एकबी चूल नव्या भातावाचून ऱ्हायला नको. तसं झालं तर ते नवं न्हवं. अन् नवा भात तर वाडीत तुझ्या एकट्याकडं हाय.”

मी उठता उठता अर्ध्यावरच थांबलो. तिथं मी मनातल्या मनात वाडीतली घरं मोजली, माझं खाचर मोजलं, परत घरं मोजली. मग म्हणालो, “देतो की! त्यात काय!” आवाज जरा चिरकलाच.

बुधवारी सगळी वाडी कापायला आली. पाऊस असल्यामुळे खळं करायची सोय नव्हती. म्हणून देवळापुढच्या पत्र्याखाली फळ्या मांडून तिथंच पेंढ्या झोडल्या. भात ओलसर होतं, बायांनी चुलीजवळ चटयांवर पसरून वाळवलं. ढीग वाढत गेला. मी खरं सांगतो, तेवढ्या खाचरातून तेवढं भात निघालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. जुन्या बियाण्याच्या दुप्पट तरी. मला रडू येईल असं वाटायला लागलं, म्हणून मी उगाच मोठमोठ्यानं सगळ्यांना कामं सांगत फिरलो.

तुळाजीबाबांनी पहिली पायली भरली, ‘एक’ न म्हणता “लाभ” म्हणाले, आणि वाटप सुरू झालं. प्रत्येक घरी नव्याच्या भातापुरतं द्यायचं ठरलं होतं. तेवढंच दिलं असतं तर माझं काय बिघडत होतं? पण चुलता पाटी घेऊन पुढं आला आणि म्हणाला, “गेणू, तुझ्यासारखा शेतकरी ह्या खोऱ्यात झाला न्हाई.” मी त्याच्या पाटीत अजून दोन ओंजळी घातल्या. मग चुलती आली. “आमच्या घरात पेजेला नाचणीबी न्हाई राहिली रं. आमचं पिकलं की देईन माघारी.” तिची सून मागं उभी होती. तीही शनिवारी जीपनं जाणार होती, पोटुशी होती. मी पाटी भरून दिली. भिका आला, “उसन्या जुडीवाल्या शेटजी, गरिबाकडं बघा जरा,” म्हणाला आणि त्याच्या बायकोकडं पाहिलं तर ती खाली मान घालून उभी. त्यालाही दिली. मग काय, एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही म्हणणार कसं? “पिकलं की देतो” म्हणत एकेक जण पाटी घेऊन येत गेला, आणि कुणी ना कुणी माझी तारीफ करत गेला. स्तुती ऐकली की माझा हात आपोआप पायलीकडं जायचा. आई खांबाला टेकून बघत होती. ठकू बघत होती. दोघींपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. बोलल्या असत्या तर मी थांबलो असतो का, ते मला माहीत नाही.

शुक्रवारी नवं झालं. भादव्यात, आणि वाडीतल्या घराघरांतून उखळ-मुसळांचा आवाज येत होता. असला आवाज आमच्याकडं त्या महिन्यात कुणी ऐकला नव्हता. देवीला ताट दाखवलं, मग घरी येऊन आईनं भाताची वाफाळती मूद माझ्या पानात वाढली. सुलीनं पहिला घास घेतला आणि विचारलं, “आये, दिवाळी आली का?” ठकू हसली. मग पदरानं डोळे पुसत बसली. मी त्या दिवशी राजा होतो. दोनदा भात मागून घेतला.

शनिवारी सकाळी आईनं मला आत बोलावलं. कणगीत हात घातला तिनं कोपरापर्यंत. म्हणाली, “दसऱ्यापतूर ह्यावर काढायचं हाय. तिघींना पुरंल, गेणू. चौघांना न्हाई.”

मी कणगीत वाकून पाहिलं. आईचं बरोबर होतं. माझा सगळा मोठेपणा वाडीभर पाट्यांतून गेला होता. आता परत मागायला जायचं? परवा दिलेलं?

ठकूनं आपलं गठुडं काढलं. तेच जुनं, दर सालचं.

“ठेव ते खाली,” मी म्हणालो.

“मग काय करायचं? जीप येईल आता.”

“मी जातो.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “तुम्ही? टमाटी तोडाया?”

“का? मला हात न्हाईत? लोकांच्या भाताला राखण हाय. माझं कापून झालंय. सगळ्या वाडीत रिकामा बाप्या मी एकटाच हाय.” हे बोलता बोलताच मला कळलं की हे खरं आहे.

जीप आली. मुकादमानं भोंगा वाजवला, परत वाजवला. कुणी येईना. दारादारातून बाया उभ्या होत्या, पोरं कडेवर घेऊन, पण गठुडं कुणाच्या हातात नव्हतं. भिकाची बायको नाही, चुलत्याची ती पोटुशी सून नाही, कुणी नाही.

“काय झालं रं ह्या वाडीला?” मुकादम म्हणाला. “साथ आली का काय?”

“भात आलाय,” भिका म्हणाला.

मग मी पुढं झालो. माझ्या खांद्यावर घोंगडं पाहून मुकादमाला वाटलं मी कुणाला तरी पोचवायला आलोय. सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. “टमाटं दाबलं की फुटतं दादा. गड्याच्या हाताचं काम न्हाई ते.”

“शिकन की.”

“शिकन म्हणतोय!” जीपमध्ये पल्याडच्या गावच्या बाया बसल्या होत्या, त्या खोखो हसल्या. पण सरकल्या. मला कडेला जागा झाली. वाडीतली सगळी माणसं बघत होती, आणि भिका, तो भिकासुद्धा, काही बोलला नाही.

ठकू जीपच्या बाजूला आली. सुली तिच्या कडेवर. तिनं एक पुडकं माझ्या हातात दिलं आणि हळू आवाजात भरभर बोलायला लागली.

“छपरात गेल्या गेल्या डावीकडचा कोपरा धरा, उजवीकडं गळतंय. पाणी विहिरीचंच प्या, पाटाचं पिऊ नका, सुलीला त्यानंच झालं व्हतं. बोटं चिरली की हळद लावा, पुडक्यात घातलीय. रात्री कुत्री येत्यात भाकरीला, उंच टांगून ठेवा. मुकादमाच्या मालकिणीला वैनी म्हणायचं, बाई म्हणलं तर तिला राग येतो. अन् पहिले दिवस कंबर लई दुखती. मग दुखत न्हाई.”

मी नुसता मान हलवत होतो. इतक्या सालांत ह्यातलं एक अक्षर तिनं मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं कुठं होतं?

जीप निघाली. नदीच्या कडेनं खडखडत गेली, चढ चढला, आणि वरच्या वळणाशी आल्यावर एकदम सगळ्या बाया बोलायच्या थांबल्या. प्रत्येकजण मागं वळून पाहत होती. माझ्या शेजारी एक उतारवयाची बाई होती, तिनं मला कोपरानं ढोसलं.

“दादा, गाव बघून घ्या. हितनं पुढं दिसत न्हाई.”

मी वळलो. खाली आमची वाडी होती, एवढीशी. घरांवर धूर होता, सगळ्या घरांवर. माझ्या दारात ठकू उभी होती आणि तिच्या कडेवर सुली. तेवढ्या लांबून चेहरे दिसत नव्हते, पण मला दिसले. मग वळण आलं आणि काहीच दिसेना.

दर साल ठकू इथूनच जायची. हे मला कधी सुचलंही नव्हतं. मी मागं उभा राहून हात हलवायचो, आणि घरी जाऊन डुकरांच्या राखणीचा विचार करायचो.

मला हुंदका आला. जवान गडी, मिशी वळवलेला, बायकांच्या जीपमध्ये बसून मुसमुसून रडायला लागलो. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा काही केल्या आवरेना. मगाशी खोखो हसणाऱ्या त्या बायांतली एकही हसली नाही. त्या शेजारच्या म्हातारीनं आपल्या पदराचा कोपरा माझ्या पुढं केला.

“पहिलीच खेप का?” तिनं विचारलं.

“व्हय मावशी,” मी म्हणालो.

“मग रडा. आमीबी रडलो व्हतो.”